दुर्मिळ मसल कार विकताना पुरावा आधी, रंग नंतर

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील जुन्या मसल कारच्या, म्हणजे साध्या गाडीत मोठे, ताकदवान इंजिन बसवून विकलेल्या गाड्यांच्या, लिलावांवर आलेला लेख वाचला. लेखकाने त्या गाड्यांचे वर्णन मोठ्या गोडीने केले आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मात्र लेखाच्या अखेरीस, घरात अशी एखादी गाडी पडून असेल तर तिला नवा रंग चढवून लिलावात उतरवावे आणि लाखो डॉलर पदरात पाडून घ्यावेत, अशा अर्थाचा जो सल्ला दिला आहे, तो वाचल्यावर स्वस्थ बसवेना. डेट्रॉइटच्या परिसरात वाहन उद्योगात नोकरी करून मी निवृत्त झालो आणि आता ओळखीपाळखीच्या लोकांच्या जुन्या गाड्या विकताना त्यांची कागदपत्रे लावून देण्याचे काम हौसेने करतो. त्या अनुभवावरून सांगतो, की या सल्ल्याप्रमाणे वागणारा मालक गाडीची किंमत वाढवण्याऐवजी ती आपल्याच हाताने उतरवून ठेवण्याची शक्यता अधिक आहे.

याचे कारण या गाड्यांच्या जन्मातच आहे. १९६४ मध्ये जनरल मोटर्सच्या पॉन्टिअॅक शाखेने जीटीओ बाजारात आणली तेव्हा ती स्वतंत्र गाडी नव्हती. टेंपेस्ट या मध्यम आकाराच्या साध्या गाडीवर ३८९ घनइंचाचे मोठे इंजिन बसवून देणारा तो एक ऐच्छिक पर्याय होता. मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन बसवू नये, असे जनरल मोटर्सचे तेव्हाचे धोरण होते. पॉन्टिअॅकचे अभियंते जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पर्यायांच्या यादीतून त्याला बगल दिली. पुढे क्रायस्लर, फोर्ड आणि जनरल मोटर्सचीच शेवरोले यांनीही हाच मार्ग धरला. म्हणजे पत्रा तोच, दारे तीच, काचाही त्याच. साधी गाडी आणि दुर्मिळ गाडी यांतला फरक बॉनेटखाली आणि कारखान्याच्या कागदावर. क्रायस्लरच्या प्लिमथ या नाममुद्रेची १९७१ ची कूडा आजही शोधली तर सापडेल, पण ४२६ घनइंचाचे, म्हणजे सुमारे सात लिटरचे, 'हेमी' (अर्धगोलाकार ज्वलनकक्षाचे) इंजिन असलेल्या उघड्या टपाच्या कूडा त्या वर्षी जेमतेम ११ बनल्या आणि त्यांपैकी एक २०१४ मध्ये सिअॅटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरना गेली. नवी गाडी घेताना या इंजिनासाठी मोजावी लागणारी जादा रक्कम हजार डॉलरच्या आत होती. इतका मोठा फरक ज्या गोष्टीने पडतो, ती गोष्ट खरी आहे हे दाखवून देणे विकणाऱ्याचे पहिले काम आहे, आणि त्याबद्दल आपल्या लेखात अवाक्षरही नाही.

सुदैवाने क्रायस्लरच्या गाड्यांत हे काम तुलनेने सोपे आहे. डॅशबोर्डवर चालकाच्या बाजूला, पुढच्या काचेतून दिसेल अशी व्हिन क्रमांकाची, म्हणजे प्रत्येक गाडीच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाची, छोटी पट्टी असते. ती 'बीएस२७आर१बी' अशी सुरू होत असेल, तर 'बी' म्हणजे बॅराकूडा, 'एस' म्हणजे तिची कूडा ही श्रेणी, '२७' म्हणजे उघडा टप, 'आर' म्हणजे ४२६ हेमी, '१' म्हणजे १९७१ आणि शेवटचा 'बी' म्हणजे डेट्रॉइटजवळच्या हॅमट्रॅमकचा कारखाना. पाचवे अक्षर 'आर' नसेल तर आत कितीही सुंदर हेमी बसवलेले असो, ते कारखान्याने बसवलेले नाही. याच क्रमांकाचा शेवटचा भाग १९६८ पासून इंजिनावर आणि गिअरबॉक्सवरही ठोकलेला असतो. शिवाय बॉनेटखाली, आतल्या फेंडरला स्क्रूने बसवलेला पत्र्याचा छोटा टॅग असतो आणि त्यावर रंग, आतली सजावट, इंजिन यांचे संकेत उमटवलेले असतात. हेमीचा संकेत 'ई७४'. पट्टी, टॅग, इंजिन आणि गिअरबॉक्स या चारही ठिकाणची माहिती एकमेकींशी जुळली, की विकणाऱ्याच्या बोलण्याला वजन येते.

शेवरोलेच्या गाड्यांचे मात्र तसे नाही, आणि फसवणूकही तिथेच जास्त होते. शेवेल या मध्यम गाडीच्या १९७० च्या एसएस (सुपर स्पोर्ट) या वेगवान प्रकारात ४५४ घनइंचाचे एलएस-६ हे ४५० अश्वशक्तीचे इंजिन मिळत असे, पण त्या वर्षीच्या व्हिन क्रमांकावरून गाडीत आठ सिलिंडरचे इंजिन आहे एवढेच कळते. ते कोणते हे कळत नाही, आणि गाडी एसएस आहे की साधी मालिबू हेही कळत नाही. जनरल मोटर्सच्या व्हिन क्रमांकात इंजिनाचे अक्षर आले ते १९७२ मध्ये. त्यामुळे साध्या मालिबूवर एसएसची चिन्हे आणि पट्टे लावून, दुसरीकडून आणलेले मोठे इंजिन बसवून 'अस्सल' म्हणून खपवण्याचे उद्योग वर्षानुवर्षे चालत आले आहेत. एलएस-६ शेवेल जितक्या बनल्या त्यांहून आज अधिक शिल्लक आहेत, असा एक जुना विनोद या वर्तुळात ऐकायला मिळतो. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण खरी गाडी विकणाऱ्यालाही त्याचा भुर्दंड पडतो; समोरचा माणूस संशय घेऊनच येतो.

अशा गाडीचा जाणकार ग्राहक आला की तो रंगाकडे फारसे पाहत नाही. तो बॅटरीवर चालणारा छोटा दिवा आणि चिंधी घेऊन इंजिनाच्या उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे वाकतो. तिथे ब्लॉकचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्याचा, दोन बोटे रुंदीचा सपाट भाग असतो. तेलाचा थर पुसला की त्यावर ठोकलेली अक्षरे दिसतात: जुळणी कारखान्याचे अक्षर, तारीख, इंजिनाचा प्रकार सांगणारा संकेत आणि बाजूला गाडीच्या व्हिन क्रमांकाचा अंश. पण अक्षरे वाचून तो थांबत नाही. कारखान्यात ब्लॉकचा माथा तासताना उमटलेल्या बारीक समांतर रेषा त्या अक्षरांखालून पुढून मागे गेलेल्या दिसतात का, हे तो दिवा आडवा धरून पाहतो. इंजिन दुरुस्तीत माथा पुन्हा तासला असेल तर मूळ रेषा आणि मूळ अक्षरे दोन्ही गेलेली असतात, आणि गुळगुळीत पृष्ठभागावर नवी अक्षरे दिमाखात उभी असतील तर ती नंतर ठोकलेली आहेत हे सांगायला कोणी लागत नाही. त्यानंतर तो ब्लॉक ओतला त्या दिवसाची, ओतकामातच उमटलेली तारीख शोधतो. 'सी १२ ०' म्हणजे १९७० च्या मार्चची १२ तारीख. गाडी जर फेब्रुवारीत बनली असेल, तर मार्चमध्ये ओतलेला ब्लॉक तिच्यात कारखान्यात कसा बसेल? ही तपासणी ग्राहकाने करण्याआधी विकणाऱ्याने करून घ्यावी, तीही या एका मॉडेलचे काम आयुष्यभर केलेल्या तज्ज्ञाकडून. त्याचे शुल्क गाडीच्या किमतीपुढे नगण्य असते आणि निष्कर्ष प्रतिकूल आला तरी तो आपल्याला आधी कळलेला बरा.

कागदांविषयी थोडे सविस्तर लिहितो. सातबारा न पाहता जमीन घेणाऱ्याला आपण शहाणा म्हणणार नाही. इथेही तसेच आहे, फक्त उतारा एकाच कचेरीत मिळत नाही. १९६७ पासूनच्या फोर्ड आणि मर्क्युरी गाड्यांसाठी कारखान्याच्या मूळ नोंदींवर आधारलेला मार्टी अहवाल मिळतो आणि त्यात गाडी कोणत्या रंगात, कोणत्या इंजिनासह, कोणत्या विक्रेत्याकडे गेली, हे स्पष्ट असते. पॉन्टिअॅकसाठी पीएचएस ही संस्था मूळ बिलाची प्रत देते. १९६४ आणि १९६५ च्या जीटीओच्या व्हिन क्रमांकात जीटीओ असल्याचा पुरावा नसतो, म्हणून त्या दोन वर्षांच्या गाड्यांना ही प्रत अत्यावश्यक आहे. शेवरोलेच्या बाबतीत अशी सोय नाही. कॅनडात विकल्या गेलेल्या गाड्यांच्या नोंदी जपलेल्या आहेत, पण अमेरिकेत विकलेल्या गाडीसाठी मालकाला बिल, हमीपत्राबरोबर मिळणारी धातूची प्रोटेक्ट-ओ-प्लेट किंवा बिल्ड शीट यांवरच विसंबावे लागते.

बिल्ड शीट हा जुळणीच्या वेळी कामगारांसाठी गाडीबरोबर फिरणारा कागद. काम झाल्यावर तो बहुधा गाडीतच राहून जात असे: पेट्रोलच्या टाकीवर, आसनाच्या स्प्रिंगांमध्ये, गालिच्याखाली. एका परिचितांच्या गाडीचे मागचे आसन आम्ही उचलले तेव्हा स्प्रिंगांना चिकटलेला, उंदरांनी एका कोपऱ्यात कुरतडलेला असा कागद हाती आला. गंजाच्या डागांतूनही इंजिनाचा संकेत वाचता येत होता. त्यांच्या मुलाने उत्साहाच्या भरात ते आसन नव्या कापडासाठी आदल्याच महिन्यात दुकानात टाकायचे ठरवले होते. तिथे तो कागद झटकून फेकला गेला असता आणि कोणाला पत्ताही लागला नसता.

आता रंगाकडे वळतो, कारण आपल्या लेखातला सल्ला तोच होता. ज्या गाडीवर कारखान्याचा मूळ रंग टिकून आहे, तो फिका पडला असला, जागोजागी खरचटला असला तरी, तिला विक्रीपूर्वी हात लावू नये असे माझे ठाम मत आहे. मूळ रंगाखाली पत्र्याचा खरा इतिहास दिसतो. वेल्डिंगचे कारखान्यातले ठसे, तपासनिसाने खडूने ओढलेल्या खुणा, बोल्टवरचे रंगाचे ठिपके या सगळ्यांतून गाडी उघडली गेली नाही हे कळते. नवा रंग चढला की हे सगळे झाकले जाते आणि ग्राहकाच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो खाली काय लपवले आहे याचा. मग तो रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र घेऊन मागच्या चाकावरच्या पत्र्यापासून डिकीच्या तळापर्यंत सगळीकडे फिरतो आणि जिथे पुट्टी सापडेल तिथे भाव पाडतो. २०२० च्या जानेवारीत फ्लोरिडातील किसिमी येथे १९६८ च्या एका हिरव्या मस्टँगचा लिलाव झाला. 'बुलिट' चित्रपटातल्या पाठलागामुळे प्रसिद्ध झालेली ही गाडी एका कुटुंबाने १९७४ मध्ये नियतकालिकातील जाहिरात पाहून ६,००० डॉलरना घेतली होती आणि विकताना तिचा जुनाट रंग, गंज, झिजलेली आसने, सगळे तसेच ठेवले होते. तिला ३४ लाख डॉलरची बोली लागली. प्रत्येक गाडीला चित्रपटाचे भाग्य नसते हे मान्य. पण तिला रंगवून आणले असते तर ती आणखी महाग गेली असती, असे म्हणणारा जाणकार मला अजून भेटलेला नाही.

याचा अर्थ काहीच करू नये असा नाही. ब्रेक, इंधनाच्या नळ्या, टायर आणि वायरिंग सुरक्षित हवे. बंद पडलेली गाडी आणि सुरू होणारी गाडी यांच्या भावात मोठा फरक पडतो. मात्र बदललेला प्रत्येक जुना भाग जपून ठेवावा. मूळ कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, चाके यांवरही तारखांचे संकेत असतात आणि खोक्यात भरलेले हे भंगार कित्येकदा गाडीवरच्या चकचकीत नव्या भागांपेक्षा जास्त किमतीचे ठरते. ज्या गाडीचे पूर्ण पुनरुज्जीवन आधीच झाले आहे, तिच्या बाबतीत कामाची छायाचित्रे आणि बिले हाच इतिहास.

जे मूळ नाही ते विकणाऱ्याने जाहिरातीतच, पहिल्या दोन-चार ओळींत सांगावे. असे केल्याने भाव पडेल ही भीती मला समजते, पण ती पूर्ण खरी नाही. 'इंजिन मूळ नाही, त्याच वर्षाचे आणि त्याच प्रकारचे आहे' असे स्पष्ट लिहिलेल्या गाडीलाही तिच्या योग्यतेचा ग्राहक मिळतो. तेच तपासणीत उघडे पडले तर ग्राहकही जातो आणि या लहानशा वर्तुळात गाडीचे नावही खराब होते. कायद्याची बाजूही आहे. 'आहे त्या स्थितीत' असे लिहून विकले की आपली जबाबदारी संपली, असा समज सर्रास आढळतो. त्या शब्दांनी न सांगितलेल्या सर्वसाधारण दोषांपासून विकणाऱ्याचा बचाव होऊ शकतो. पण 'कारखान्याचे मूळ इंजिन' असे लिहिले असेल तर ते विधान हीच अमेरिकी व्यापार कायद्यानुसार हमी ठरू शकते, आणि जाणूनबुजून खोटे लिहिले असेल तर ती फसवणूक. व्हिन क्रमांक जाणूनबुजून काढणे किंवा बदलणे हा तर पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेला संघीय गुन्हा आहे. मैलांबाबतही हेच. त्या काळच्या ओडोमीटरमध्ये पाचच आकडे असल्याने ९९,९९९ नंतर ते शून्यावर येत आणि इतक्या जुन्या गाड्यांना ओडोमीटरच्या लेखी निवेदनातून सूट आहे. म्हणून '३४,००० मैल' असा दावा सर्व्हिसिंगच्या जुन्या पावत्यांशिवाय करू नये.

लिलावाच्या आकड्यांविषयी आपल्या लेखाने आणखी एक गोंधळ घातला आहे. त्या मस्टँगची किंमत ३७ लाख ४० हजार डॉलर अशी छापली आहे आणि ती चुकीची नाही, पण त्यात खरेदीदाराने लिलावगृहाला द्यायचे १० टक्के शुल्क धरलेले आहे. बोली ३४ लाखांची होती. ते शुल्क विकणाऱ्याला मिळत नाही, उलट त्याच्या वाट्याचे कमिशन असल्यास तेही बोलीतून कापले जाते, आणि गाडी तिथवर नेण्याचा, विम्याचा खर्च वेगळाच. शिवाय गाडी विकलीच जाईल असेही नाही. २०२१ मध्ये इंडियानापोलिसला एका १९७१ च्या हेमी कूडावर ४८ लाख डॉलरपर्यंत बोली जाऊनही मालकाची राखीव किंमत गाठली गेली नाही आणि गाडी परत गेली. राखीव किंमत न ठेवता विकणे हाही एक मार्ग आहे आणि काही लिलावगृहांत तोच रिवाज आहे, पण त्या दिवशी सभागृहात दोन इच्छुक नसतील तर दुर्मिळ गाडी मातीमोल जाऊ शकते. २००६-०७ च्या सुमारास चढलेले भाव २००८ च्या आर्थिक पडझडीत कसे कोसळले, हे तेव्हा विकायला निघालेल्यांना विचारावे. माझा कल विचाराल तर ऑनलाइन लिलावाकडे किंवा त्या मॉडेलच्या मालकसंघाकडे जास्त आहे: तिथे शेकडो छायाचित्रे देता येतात, प्रश्नांना लेखी उत्तरे द्यावी लागतात आणि बोली लावणारा विचार करून लावतो.

या गाड्या तरुणपणी नव्या घेणारी पिढी आता सत्तरी ओलांडून गेली आहे, त्यामुळे पुष्कळदा विक्री वारसांवर येते. त्यांनी घाई करू नये. अमेरिकी कायद्याप्रमाणे वारशाने आलेल्या मालमत्तेची आधारभूत किंमत, म्हणजे नफा जिच्यापासून मोजतात ती, सर्वसाधारणपणे मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरली जाते; म्हणून त्या तारखेचे लेखी मूल्यांकन करून ठेवले तर कर फक्त नंतरच्या वाढीवर बसतो. स्वतः घेतलेली गाडी विकणाऱ्याला मात्र पूर्ण नफ्यावर विचार करावा लागतो. संग्राह्य वस्तूंवरील दीर्घकालीन नफ्याचा संघीय कर २८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो आणि एक गाडी देऊन दुसरी घेताना कर पुढे ढकलण्याची वाट २०१८ पासून बंद आहे. करसल्लागाराला विक्रीनंतर नव्हे, आधी भेटावे.

व्यवहाराच्या दिवशी गाडी चालवून पाहण्याचा हट्ट ग्राहक धरतोच. पहिली फेरी मालकाने चालवावी आणि ग्राहकाला शेजारी बसवावे. ४२५ अश्वशक्ती, अर्ध्या शतकापूर्वीचे ब्रेक आणि अनोळखी पाय ही जोडी धोकादायक आहे. चावी देण्यापूर्वी त्याचा परवाना आणि आपला विमा, दोन्ही तपासावे. पैशांच्या बाबतीत बँकेच्या धनादेशावरही लगेच विश्वास ठेवू नये, कारण बनावट कॅशिअर्स चेक खात्यात जमा दिसतो आणि काही दिवसांनी परत जातो. तोवर गाडी दुसऱ्या राज्यात पोहोचलेली असते. पैसे वायरने, म्हणजे थेट बँकेतून बँकेत, घ्यावेत आणि ते आल्याची खात्री आपल्या शाखेला स्वतः फोन लावून करावी. टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या सरकारी दाखल्यावर, कर्जाचा बोजा शिल्लक नाही, त्यावरचा व्हिन क्रमांक डॅशबोर्डवरच्या पट्टीशी अक्षरशः जुळतो आणि खरेदीदाराचे नाव लिहिल्याशिवाय आपण सही केलेली नाही, एवढे पाहूनच ते हातात द्यावे. मध्यस्थ विक्रेत्याकडे गाडी सोपवताना कोरी सही केलेले टायटल कधीही देऊ नये. गाडी विकून पैसे न देणारे मध्यस्थ आहेत आणि त्यानंतरचे खटले वर्षानुवर्षे चालतात. विक्री झाली की त्याच दिवशी राज्याच्या वाहन विभागाला मालकी सोडल्याची सूचना द्यावी आणि सही झालेल्या प्रत्येक कागदाची प्रत आपल्याकडे ठेवावी.

मूळ लेखाइतकी जागा या पत्राला मिळणे कठीण आहे याची मला कल्पना आहे. काटछाट करावी लागलीच, तर इतिहासाचा भाग खुशाल गाळावा. इंजिनावरच्या क्रमांकांची तपासणी, मूळ रंग आणि टायटल यांविषयीचे परिच्छेद तेवढे ठेवावेत, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अभियंता, मिशिगन